थांबलेल्या कापसाचं भाडं

मुंबईतला गोदामांचा धंदा वऱ्हाडाच्या कापसानं उभा केला, असं मी बोरीच्या पारावर म्हणालो की लोक हसतात. बोरी अरब म्हणजे यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरचं, अडाण नदीच्या काठचं गाव. इथून समुद्र इतका लांब की गावातल्या निम्म्या लोकांनी तो सिनेमातच पाहिलेला. पण मी आयुष्याची कमाईची वर्षं शिवडीजवळच्या कॉटन ग्रीनला गाठींच्या थप्प्या मोजण्यात घालवली. त्यामुळे कापूस शेतातून निघून गिरणीत किंवा बोटीत जाईपर्यंत कुठं कुठं थांबतो आणि त्या थांबण्याचे पैसे कोण घेतो, याचा हिशेब डोक्यातून जात नाही. पिकवणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर असतं. थांबण्याची जागा ज्याच्या नावावर असते, त्याची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

1844पर्यंत मुंबईत कापसाचे ढीग किल्ल्याच्या आत, टाऊन हॉलसमोरच्या मोकळ्या मैदानात लागत. उन्हाळ्यात ते मैदान म्हणजे कचरा, धूळ, बैलगाड्या आणि आगीची भीती. त्या साली बाजार कुलाब्याला हलवला. कुलाब्याचा कॉजवे 1838मध्ये झाला होता, म्हणजे आधीची दोन बेटं नुकती शहराला जोडली गेली होती आणि तिथली जमीन स्वस्त होती. गोदामांच्या इतिहासात ही चाल पुन्हा पुन्हा दिसते. शहर दाटलं की माल बाहेर ढकलायचा, आणि जिथं ढकलला तिथली उजाड जमीन चार-दोन वर्षांत सोन्याच्या भावाची होते. ज्याला आधी कळलं त्यानं घेऊन ठेवलेली असते.

त्या काळात आमच्याकडचा कापूस मुंबईला जात होता, पण हाल सोसून. त्याआधी तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून उत्तरेला मिर्झापूरपर्यंत, गंगेच्या घाटांवर जायचा. विकाजी-पेस्तनजी मेहेरजी या पारशी सावकारांनी 1820च्या दशकात वऱ्हाडातला कापूस मुंबईकडे वळवायला सुरुवात केली. खानदेशातून, मग घाट उतरून, बैलाच्या दोन बाजूंना दोन गोण्या. वाटेत पाऊस लागला की भिजायचा, उतरवला की धूळ आणि दगड गोळा करायचा. वजन वाढावं म्हणून गोण्यांत मुद्दाम माती घालणारेही होतेच. लँकशायरच्या गिरणीवाल्यांची बोंब इतकी की मुंबई सरकारला कापसातल्या भेसळीविरुद्ध 1829मध्ये एक आणि 1863मध्ये दुसरा कायदा करावा लागला.

1853मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्याच वर्षी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. (आमच्या गावात लहानपणी कोणी मुंबईला निघालं की ‘बोरीहून बोरीबंदरला’ हा विनोद ठरलेला.) थळ घाटातून लोहमार्ग 1865मध्ये वर चढला आणि 1867पर्यंत नागपूरला पोचला. पण पैशाचा खरा लोंढा लोहमार्गाच्या आधीच येऊन गेला होता.

1861मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, दक्षिणेतली बंदरं उत्तरेच्या आरमारानं कोंडली आणि लँकशायरला कापूस मिळेना. मुंबईचा भाव कुठल्या कुठं गेला. लोकांनी घरातल्या गाद्या उसवून कापूस विकला, अशी हकिकत अजून सांगतात. या चार वर्षांबद्दल लिहिणारे बहुतेक जण शेअरदलाल प्रेमचंद रायचंद आणि शेअरांच्या वेडाबद्दल लिहितात. मला मात्र एक गोष्ट गोदामबाबूच्या नजरेनं दिसते. लोकांनी शेअर घेतले ते बहुतांशी कशाचे? समुद्रात भर घालून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे. बॅकबे, माझगाव, कुलाबा, जिकडे पाणी तिकडे कंपनी. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर दहापटीच्या घरात गेला होता. ही सगळी जमीन कशासाठी हवी होती? कापूस उतरवायला, ठेवायला, दाबायला आणि बोटीत चढवायला. म्हणजे आजच्या भाषेत बोलायचं तर मुंबईचा तो पहिला मोठा सट्टा गोदामांच्या प्लॉटांवर झाला.

त्यातली मला सगळ्यात बोलकी वाटते ती एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी. पूर्वेकडचा किनारा, म्हणजे बंदराचा खरा धक्का, भरून काढण्याचा परवाना तिनं मिळवला. सौदा असा की जी.आय.पी. रेल्वेच्या शेवटच्या स्टेशनासाठी शंभर एकर सरकारला भरून द्यायची आणि त्याच्या मोबदल्यात पुढचा किनारा स्वतःसाठी घ्यायचा. आता विचार करा. रेल्वे येणार ती त्यांच्या जमिनीला लागून, बोट लागणार ती त्यांच्या धक्क्याला, कापूस दाबला जाणार त्यांच्या प्रेसमध्ये आणि पडून राहणार त्यांच्या छपराखाली. वऱ्हाडातून निघालेल्या प्रत्येक गाठीला त्यांच्या दारातून गेल्याशिवाय गत्यंतर नाही. व्यापारी घाबरले, सरकारही घाबरलं.

एप्रिल 1865मध्ये अमेरिकेतली लढाई संपली. 1 जुलैला वायद्यांच्या पूर्ततेची तारीख आली आणि मुंबई धाडकन खाली आली. कंपन्या बुडाल्या, बँका बुडाल्या, प्रेमचंदही बुडाला. पण भरलेली जमीन बुडत नाही. समुद्रात माती टाकून झाली होती, ती तिथंच राहिली. धक्क्याची मक्तेदारी एका खाजगी कंपनीच्या हातात राहू नये म्हणून सरकारनं 1870च्या सुमारास एल्फिन्स्टन कंपनीची मालमत्ता विकत घेतली, आणि तिच्या पोटातून 1873मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट जन्माला आला. प्रिन्सेस डॉक 1880चा, व्हिक्टोरिया डॉक 1888चा, अलेक्झांड्रा डॉक 1914चा. कापसाच्या तेजीत खाजगी लोकांनी उधळलेल्या पैशावर सरकारनं बंदर उभारलं. पुढं पोर्ट ट्रस्ट शहरातला मोठ्यात मोठा जमीनमालक झाला. त्याच्याकडे आजही सुमारे अठराशे एकर जमीन आहे.

प्रेसबद्दल इथं दोन शब्द सांगतो, कारण हे नीट कळल्याशिवाय गोदामाचा धंदा कळत नाही. शेतकऱ्याच्या घरातला कापूस म्हणजे सरकीसकटचा, फुगलेला, हवेनं भरलेला. क्विंटलभर कापसातून जिनमध्ये चौतीस-पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी. ती रुई प्रेसमध्ये दाबली की गाठ होते, लोखंडी पट्ट्यांनी बांधलेली, दगडासारखी. जुनी गाठ 392 पौंडांची, दोन गाठींची एक खंडी. आताची गाठ 170 किलोची. म्हणजे एका गाठीत साधारण पाच क्विंटल कापसाची रुई. शेतकऱ्याचा एक खोलीभर कापूस व्यापाऱ्याकडे जाईपर्यंत एका कोपऱ्यात मावतो. बोटीचं भाडं जागेवर असे आणि गोदामाचंही जागेवरच, म्हणून जो दाबतो तो वाचवतो. प्रेस म्हणजे जागा वाचवायचं यंत्र, आणि म्हणूनच जमिनीच्या कंपनीला प्रेस हवा होता.

आमच्या बाजूला काय चाललं होतं? दारव्हा तेव्हा वणी जिल्ह्यात होतं. त्या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव 1905मध्ये मिळालं. 1870मध्ये लॉर्ड मेयो खुद्द खामगावला आला आणि जलंब-खामगावचा फाटा सुरू झाला. कापसासाठी व्हाइसरॉय गावात येतो, एवढा तो माल मोलाचा. आमच्या जवळचं मोठं ठाणं मात्र कारंजा. 1886मध्ये हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानं कारंज्याला देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि 1897मध्ये वऱ्हाडासाठी बाजारांचा वेगळा कायदा आला. हे गुंटूर किंवा लायलपूरच्या आधी झालं, याचा अभिमान इथं फारसा कोणाला नाही. आजोबा सांगत की त्याआधी, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, दलाल आणि खरीददार रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवत. गाडीवर बसलेल्या शेतकऱ्याला फक्त रुमाल हलताना दिसायचा. वर कटती, धर्मादाय, हमाली, मापाई. कायद्यानं यातल्या काही गोष्टी कमी झाल्या. बाजार नियमात आला, पण ठेवायची जागा कोणाची, हा प्रश्न कायद्यानं विचारलाच नाही.

मग शकुंतला. किलिक-निक्सन कंपनीनं बांधलेली अडीच फुटी गेजची गाडी, यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर. आमचं जवळचं स्टेशन लाडखेड. यवतमाळच्या, दारव्ह्याच्या, कारंज्याच्या जिनमधल्या गाठी या गाडीनं मूर्तिजापूरला जायच्या. तिथं गेज बदलायचं, म्हणून हमाल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात गाठी चढवायचे आणि मग मुंबई. गाठ प्रत्येक ठिकाणी थांबायची, आणि जिथं थांबायची तिथं छप्पर कोणाचं तरी असायचं. 1994पर्यंत या गाडीला मँचेस्टरच्या कारखान्यातलं वाफेचं इंजिन होतं. मँचेस्टरला कापूस न्यायला मँचेस्टरचंच इंजिन, हा त्या काळच्या कारभाराचा चोख हिशेब.

आणि बोरीत कापूस कुठं थांबायचा? घरात. दसरा-दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली की माजघर भरायचं, मग मधली खोली, मग देवघराची भिंत सोडून बाकी सगळं. आम्ही पोरं ओसरीत झोपायचो. कापसात उड्या मारायला मजा यायची, पण रात्री अंगाला अशी खाज सुटायची की माय खोबरेल तेल लावून लावून थकायची. भाव पडला की बाबा गाडी जुंपायचेच नाहीत. मी एकदा विचारलं, अजून किती दिवस ठेवायचा? ते म्हणाले, “राहू दे ना बाप्पा. त्याले का भाडं पडते? घर आपलंच हाय.”

पुढं गोदामाच्या वह्या लिहिताना हे वाक्य मला फार आठवायचं. भाडं पडतच होतं, फक्त ते कोणी लिहीत नव्हतं. माघापर्यंत कापूस वाळून वजनात घटायचा. उंदीर, धूळ, कंदिलाची भीती होतीच. सावकाराचं व्याज चालू असायचं. आजच्या बाजारात फुटाला महिन्याला वीस रुपये भाडं धरलं, तर दहा बाय बाराच्या खोलीचे महिन्याला चोवीसशे आणि चार महिन्यांचे नऊ हजार सहाशे होतात. हे पैसे वऱ्हाडातल्या लाखो घरांनी दीडशे वर्षं फुकट दिले. 2021-22च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, म्हणून पुढच्या वर्षी अर्ध्या विदर्भानं कापूस घरात ठेवला. भाव आला नाही, खाज मात्र आली, आणि वर्तमानपत्रांत त्वचारोगाच्या बातम्या छापून आल्या. मला त्या बातम्या गोदामाच्याच वाटल्या.

मी 1970च्या दशकात मुंबईला गेलो तेव्हा कापसाचा बाजार कुलाब्याहून शिवडीला येऊन अर्धं शतक झालं होतं. कुलाब्याला दाटी झाली, गाठी शहराच्या मधून गाड्यांवर न्याव्या लागत, म्हणून पोर्ट ट्रस्टनं माझगाव-शिवडीचा किनारा भरून काढला. स्वतःची रेल्वे 1915मध्ये सुरू केली आणि 1923मध्ये तिथं सिमेंट काँक्रीटच्या गोदामांची रांगच्या रांग असलेला कापूस डेपो उघडला. बाजाराबरोबर कॉटन ग्रीन हे नावही तिकडं गेलं, हार्बर लाइनच्या स्टेशनावर अजून आहे. शेजारी कॉटन एक्सचेंजची भव्य इमारत, मधले रस्ते रुंद. आग एका गोदामातून दुसऱ्यात जाऊ नये, हा तिथल्या मांडणीचा पहिला विचार.

आग हा शब्द तिथं कोणी मोठ्यानं उच्चारत नसे. दाबलेल्या गाठीच्या पोटात ठिणगी गेली तर ती बाहेरून दिसत नाही. तासन् तास आत धुमसते आणि पाणी मारलं तरी पुन्हा पेटते. 14 एप्रिल 1944ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन बोटीवर हेच झालं. कापसाच्या हजारो गाठी आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं एकाच बोटीत. आधी कापूस धुमसला, मग स्फोट झाले. शेकडो माणसं गेली, आजूबाजूची गोदामं जमीनदोस्त झाली. मी कामाला लागलो तेव्हा तो दिवस पाहिलेले जुने मुकादम होते. ते बिडी ओढायला पार रस्त्यापलीकडे जायचे आणि नव्या हमालाच्या खिशात काडेपेटी सापडली तर त्याला त्याच दिवशी घरी पाठवायचे. विम्याचा माणूस आला की आधी थप्प्यांमधली वाट मापायचा, मग बादल्या मोजायचा.

माझं काम साधं. गाठ आली की मार्का लिहायचा, थप्पी लावून घ्यायची, नमुना काढायचा दिवस असला की पट्टीशेजारून मूठभर रुई ओढून कागदात गुंडाळायची. सिलेक्टर लोक दोन्ही हातांच्या अंगठ्यांत रुई धरून ओढायचे आणि तार किती लांब ते डोळ्यांनी सांगायचे. यंत्राशी त्यांचा फरक पडला तर ते यंत्राला हसायचे. यवतमाळचा मार्का दिसला की मला उगाच बरं वाटायचं. कोणाच्या तरी माजघरातून आलेला.

तेव्हा महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी होती. 1971चा कायदा, 1972च्या हंगामापासून अंमल. सगळा कापूस पणन महासंघाला विकायचा, चुकारे हप्त्यानं यायचे. गावाकडे या योजनेला शिव्या देणारेही खूप आणि ती गेल्यावर उसासे टाकणारेही खूप. मला गोदामातून एवढंच दिसायचं की मालक बदलला तरी थांबणं तेवढंच होतं. मग 18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला. ज्या गिरण्यांसाठी गाठी थांबायच्या त्याच थांबल्या. 1989मध्ये न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं, माल कंटेनरमध्ये बसायला लागला आणि शिवडीच्या रस्त्यांवर गाड्यांपेक्षा कुत्री जास्त दिसू लागली.

पण जमिनीची किंमत गाठींबरोबर उतरली नाही, उलट चढली. पोर्ट ट्रस्टनं जुन्या भाडेपट्ट्यांची भाडी वाढवायला काढली तेव्हा भाडेकरू कोर्टात गेले आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन 2004मध्ये निकाल लागला. वर्षानुवर्षं आमच्या कापसानं भरलेल्या छपरांवर वकिलांनी जितके कागद केले, तितके आमच्या चुकाऱ्यांवर झाले असते तर! असो.

पुढची चाल भिवंडीकडे झाली. मुंबई महापालिकेचा जकात नाका मुलुंडला. त्याच्या अलीकडे माल ठेवला की गरज पडेल तेवढाच आत न्यायचा आणि जकातही तेवढीच भरायची. म्हणून मानकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, दापोडे या गावांतल्या भातशेतीवर पत्र्याची गोदामं उगवली. 2017मध्ये जीएसटी आला आणि जकात गेली, पण तोवर भिवंडीला सवय झाली होती. माझा पुतण्या तिथंच एका मोठ्या वेअरहाऊसमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहे. त्याच्या हाताखाली दारव्हा, दिग्रस, पुसदची पोरं आहेत. बापाच्या शेतात कापूस वेचायला मजूर मिळत नाही आणि पोरगं भिवंडीत मोबाइलची खोकी वेचतंय. त्यांच्या कामाला कंपनीत पिकिंगच म्हणतात.

तो मागच्या दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, “काकाजी, आता गोदामं आपल्याकडंच येतील. समृद्धी कारंज्यावरून गेली न. जागा पाहू आपण.” त्याचं म्हणणं चूक नाही. समृद्धी महामार्ग आला, वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेचं काम चालू आहे. वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी 2024मध्ये धावली. म्हणून मी त्याच्याबरोबर कारंज्याच्या बाजूला जागा दाखवणाऱ्या एका दलालाला भेटायला गेलो. रस्त्याला लागून काळी जमीन, तुरी उभ्या. दलालाच्या मोबाइलवर नकाशा तयार. छपराची उंची, फरशीवर टनाचा भार, अवजड ट्रक वळायला मोकळी जागा, आग विझवायला पाण्याची टाकी, सगळं त्याला तोंडपाठ. मला माणूस आवडला.

मी त्याला सरकारी तारण योजनेबद्दल विचारलं. 1990-91पासून राज्यात ती चालू आहे. सोयाबीन, तूर, हरभरा बाजार समितीच्या गोदामात ठेवला की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा टक्के व्याजानं, सहा महिन्यांसाठी. भाव चढला की माल सोडवून विकायचा. त्या यादीत कापूस मला कधी दिसलेला नाही. म्हणून मी विचारलं, तुमच्या गोदामात आम्ही शेतकऱ्यांनी कापूस ठेवला तर? सरकीसकटचा, बारदान्यात भरून, चार महिने?

“नाही चालत काकाजी,” तो म्हणाला. “तो जागा लय खाते अन् विमावाला तर दारातच उभा नाही करत. खत द्या, सिमेंट द्या, ऑनलाइनवाल्याची खोकी द्या. फुटाला भाव सांगतो मी, लिहून घ्या.”

पुतण्यानं लिहून घेतला.